माझं 'हर्नियाचं ऑपरेशन', जे हर्नियाचं नव्हतं

चौथी_सीट

इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींचे धागे तोंडपाठ, पण स्वतः कधी लिहिलं नाही. आयडी नवा आहे, सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे.

जूनमध्ये मी महिनाभर रजेवर होते. ऑफिसात, सोसायटीत, माहेरी, सगळीकडे एकच निरोप गेला: हर्नियाचं ऑपरेशन. प्रत्यक्षात झालं ते वजन कमी करायचं. स्लीव्ह म्हणतात तो प्रकार. दुर्बिणीतून, पोटावर पाच भोकं पाडून, जठराचा पाऊण भागाहून जास्त हिस्सा स्टेपल मारून कापून काढतात. उरते केळ्याएवढी नळी. तेव्हा वजन ११८, उंची पाच फूट दोन इंच, मधुमेह सहा वर्षांचा, रक्तदाब, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा तो वेगळाच. आज साडेचार महिन्यांनी काटा ९२ दाखवतोय.

आजच का लिहितेय ते शेवटी सांगते.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. आपल्यासारख्यांचं यकृत चरबीने सुजलेलं असतं, ते आकसलं की सर्जनला जठर नीट दिसतं. त्यातच चार किलो गेले. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच सिस्टरने उठवून चालवलं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला गॅस भरतात त्याचा तो प्रताप. श्वासाच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, तर मी आपली फुंकत बसले. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाली, "ताई, फुंकायचं नाही, ओढायचं. उसाचा रस समजून ओढा." उसाचा रस! त्या बाईला काय कल्पना मी कुठल्या कुठल्या गुऱ्हाळांची गिऱ्हाईक होते.

तिसऱ्या दिवशी घरी. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बेंबीच्या आजूबाजूला टोचायची इंजेक्शनं दिली होती. नवरा बँकेत, नोटांच्या थप्प्या मोजताना हात हलत नाही, इथे सुई बघून घामाघूम. मीच टोचून घेतली.

खरी परीक्षा पाण्याची. दिवसाला दीड लिटर प्यायचं, पण एका वेळी घोटभर. ग्लास तोंडाला लावला की सवयीने मोठा घोट जायचा आणि छातीच्या मधोमध आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं. सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या. मग देवघरातून तांब्याची पळी आणून हातात दिली. "तीर्थ घेतेस तसं घे. तीर्थ कोणी गटागटा पितं का?" पुढचे तीन आठवडे देव पळीविना आणि मी पळीवर.

याच सासूबाईंनी वरणाचं पाणी पंचाच्या फडक्यातून गाळून दिलं होतं, बाळंतिणीला देतात तसं. आहारतज्ज्ञ बाईंना फोनवर अभिमानाने सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजी, सगळी प्रथिनं फडक्यात राहिली." सासूबाई क्षणभर गप्प. मग, "म्हणजे फडकं पिळून देऊ?" शेवटी डाळ मिक्सरमधून काढून चाळणीने गाळायची ठरलं. प्रथिनांचा हिशोब अजून रोज चालतो: दिवसाला साठ ग्रॅम. अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरात अठरा, अर्धी वाटी दाट वरणात तीनेक. आणि माझ्या पोटात एका वेळी मावते अर्धीच वाटी. म्हणून पावडर. तिला ओल्या खडूची चव आहे, पण घेते.

दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे वाटलेलं, मग मऊ. सातव्या आठवड्यात पोळीची परवानगी मिळाली. ताजी, तूप लावलेली. एक घास घेतला, दहा वेळा चावला असेल, गिळला. आधी नाक गळायला लागलं. मग उचकी. मग तोंडात चिकट फेसासारखी लाळ, गिळता येईना, थुंकून संपेना. वीस मिनिटं वॉशबेसिन धरून उभी. कणीक पाण्याने फुगते, गोळा होतो, हे रोज कणीक मळणाऱ्या बाईला कळायला नको? हल्ली भाकरी वरणात कुस्करून खाते, पोळी महिन्यातून एखाद्या वेळी चतकोर. आणि नाक गळायला लागलं की घास खाली. पोट भरल्याची माझी घंटा आता नाकात आहे.

भूक पोटातून गेली ती गेलीच. भूक लावणारं संप्रेरक जिथे तयार होतं तोच भाग कापलेला असतो म्हणे. डोक्यातली मात्र गेली नाही. रात्री अकराला मी मोबाइलवर मिसळीचे व्हिडिओ बघायचे आणि रडायचे. नवऱ्याला वाटायचं टाके दुखताहेत. दुखत काही नव्हतं. पंचवीस वर्षं जिच्याशी सगळं बोलत आले ती मैत्रीण गाव सोडून गेली होती, तसं काहीतरी.

साखरेच्या गोळ्या दवाखान्यातून निघतानाच निम्म्या केल्या, आता बंद आहेत. रक्तदाबाची एक उरली.

आता मुद्दा. सकाळच्या डोंबिवली फास्टला आमचा लेडीज डब्यात ग्रुप आहे. पूर्वी मी बसले की तिघींची सीट दोघींची व्हायची. कोणी बोलत नसे, नुसतं खिडकीबाहेर बघत. ऑगस्टच्या शेवटी एका अनोळखी बाईने माझ्या गुडघ्याला हात लावून म्हटलं, "जरा सरका, चौथी बसते." आयुष्यात पहिल्यांदा. सरकले, आणि मुलुंडपर्यंत डोळे पुसत होते.

ग्रुपमधल्या सगळ्यात धाकट्या पोरीने, असेल सव्वीसची, अंगाने माझ्यासारखीच, विचारलं, "ताई, काय केलंत?" म्हटलं, "रात्री सातनंतर खात नाही, आणि चालते." खोटं नव्हतं. सातनंतर खात नाहीच, चालतेही. मधलं कापून काढलेलं जठर तेवढं सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी ती दादरला उतरताना फलाटावर कोसळली. दोघींनी धरून बाकड्यावर बसवली. डबा उघडून पनीरचे तुकडे दिले तर म्हणते, "नको ताई, तुमच्यासारखंच करतेय. रात्री काहीच खात नाही, सकाळीही नाही."

तेव्हापासून झोप नाही. सांगू की नको? सांगितलं तर उद्या पूर्ण डब्याला कळणार. आणि दुसरे दोन प्रश्न: केस मुठीने गळताहेत, आणि दिवाळी तोंडावर आहे, फराळाचं काय करता तुम्ही लोक?

शेंगदाणा_कूट

वाखुसा (वाचनखूण साठवली). पळीसाठी सासूबाईंना साष्टांग. माझ्या वहिनीचं पुढच्या महिन्यात ठरलंय. ताक कधीपासून चालतं?

रात्रपाळी

छान लिहिलंय. मी वीस वर्षं रुग्णालयात नर्स आहे, त्यातली सात सर्जिकल आयसीयूत. वाचणाऱ्यांसाठी चार गोष्टी, कारण धागाकर्तीचं सगळं सुरळीत झालं, सगळ्यांचं होतंच असं नाही.

स्टेपलच्या रेषेतून गळती हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होते, पण झाली तर लवकर कळणं हाच उपाय. आणि ती बऱ्याचदा घरी गेल्यावर, पहिल्या दोन आठवड्यांत डोकं वर काढते. पोटदुखीची वाट बघत बसू नका. नाडी बघा. पेशंट निवांत पडलाय आणि नाडी १२० च्या वर टिकून आहे, ताप आहे, धाप लागतेय, उगाच जीव घाबरा होतोय, डावा खांदा दुखतोय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनला फोन. गॅसचा खांदा पहिल्या तीन-चार दिवसांत चालण्याने कमी होत जातो. आठव्या दिवशी नव्याने सुरू झालेला खांदा गॅसचा समजू नका.

एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तेही त्याच दिवशी दाखवा. इंजेक्शनांचा कोर्स नवऱ्याच्या भीतीपायी अर्धवट सोडू नका. (हे रोज बघते. बाई नीट घेते, पुरुष पेशंट मात्र स्वतःला टोचायला सिस्टर शोधत हिंडतो.)

आणि उलट्या. दोन-तीन आठवडे सतत उलट्या चालू असतील तर बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपतं. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बडबडणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आधी थायमिन आणि मग ग्लुकोजचं सलाईन, हा क्रम महत्त्वाचा. गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून नुसतं ग्लुकोज लावून घेऊ नका. ऑपरेशन झालंय हे आधी सांगा. तिथेही 'हर्निया' सांगणारे बघितलेत मी.

@शेंगदाणा_कूट, पातळ गाळलेलं, आंबट नसलेलं ताक बऱ्याच ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात देतात. पण वहिनीच्या सर्जनचा तक्ता हाच शेवटचा शब्द.

रोखठोक

राग मानू नका, पण ठणठणीत अवयव कापून काढायचा आणि मग अर्धी वाटी वरणावर राहायचं, तर आधीच अर्धी वाटी वरणावर राहिलं असतं तर? तोंडाला कुलूप फुकट आहे. आणि आता तर इंजेक्शनंही आलीत, मौंजारो वगैरे, मग चाकू कशाला?

चौथी_सीट

राग नाही. हेच वाक्य मी स्वतःला सतरा वर्षं सांगत होते. जीएम झालं, किटो झालं, काढा झाला, दीक्षित आणि दिवेकर दोन्ही झाले. २०१४ साली २२ किलो उतरवले होते, दीड वर्षात २७ परत आले. कुलूप लावता येतं हो, किल्ली भुकेच्या हातात असते. मौंजारो मार्च २०२५ मध्ये इथे आलं तेव्हा डॉक्टरांशी तेही बोलले. महिन्याचा खर्च, आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परततं, म्हणजे लांबचा मामला. ज्यांना जमतंय त्यांनी जरूर घ्यावीत. मला नाही परवडलं.

बायपास_सांगली

नऊ वर्षं झाली माझ्या जठराच्या बायपासला. स्लीव्ह नव्हे, जुना वाय आकाराचा, 'रू-एन-वाय' म्हणतात तो. जठराचा वरचा लिंबाएवढा कप्पा ठेवतात आणि आतड्याला नवीन वाट काढून देतात. या जोडणीला ज्या रू साहेबांचं नाव आहे ते स्वित्झर्लंडचे सर्जन होते, आणि त्यांनी १८९०च्या दशकात ती केली तेव्हा लठ्ठपणाचा काही संबंध नव्हता. वजनासाठी बायपास पहिल्यांदा अमेरिकेत १९६६ मध्ये झाला. स्लीव्ह तर मुळात मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होती. अतिजड पेशंटला दुसऱ्या टप्प्याआधी थोडं हलकं करायचं म्हणून करायचे, मग लक्षात आलं की बऱ्याच जणांना दुसऱ्याची गरजच पडत नाही.

वजन १४२ वरून ८४ वर आलं, दीड वर्षात. लोकांनी सत्कार करायचा बाकी ठेवला होता. आज १०१. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

कसं वाढलं? घास मावत नाही, पण फरसाण मावतं. तोंडात विरघळणारं सगळं मावतं. शेव, बिस्किटं चहात बुडवून, आईस्क्रीम. दर तासाला चिमूटभर. द्राक्षबागेच्या कामात जेवायची वेळ चुकते, खिशात पुडी असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला मोठा अभ्यास आहे, माझ्या सर्जननी त्याचा आलेख दाखवला होता. ऑपरेशनवाले जास्त जगले, हे २००७ साली छापून आलं. पण वजनाची रेघ बघितली तर एक-दोन वर्षांत तळ आणि मग हळूहळू वर. दहा वर्षांनी बायपासवाले मूळ वजनाच्या पंचवीस टक्क्यांनी खाली. म्हणजे माझं १०१ हे काही जगावेगळं नाही. हे आधी समजलं असतं तर ८८ झाल्यावर मी लाजेने तीन वर्षं तपासणीला जायचं टाळलं नसतं.

त्या तीन वर्षांत गोळ्याही सुटल्या. मग पायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. बी-१२ तळाला. हिमोग्लोबिन ८. इंजेक्शनांवर आलं ठिकाणावर, पण डाव्या अंगठ्याचा बधिरपणा राहिला तो राहिलाच. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह वाया.

दुसरी चूक: गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या. जोडणीपाशी अल्सर झाला, शौचाला डांबरासारखं काळं. बायपासवाल्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये, आणि विडी-सिगारेटच्याही. पॅरासिटामॉल चालते.

बासुंदीचा किस्सा सांगून थांबतो. मेव्हण्याचं लग्न, औदुंबरला. पंगतीत आग्रह. "दोन चमचे घे रे." घेतले चार. पंधरा मिनिटांत छाती धडधड, दरदरून घाम, पोटात कळ, वाटलं अटॅक आला. अख्खी पंगत उठली, कोणी कांदा हुंगवतंय, कोणी चप्पल. साखर सरळ आतड्यात कोसळली की असं होतं, डंपिंग म्हणतात. अर्ध्या तासाने मी ठीक. नवरीचे फोटो मात्र राहिले. मेव्हणी अजून बोलत नाही.

म्हापशेकर

आमच्या गोंयात पेज जिंदाबाद. दुसऱ्या आठवड्यात आईने उकड्या तांदळाची पेज गाळून दिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जगणार. प्रथिनं नाहीत त्यात, ठाऊक आहे, पण मन भरलं. मासळीत बांगडा उकडून, मुडदुशे, हे सहज जातं. सुंगटं (कोळंबी) मात्र रबर. एक अडकलं तर संध्याकाळ गेली.

आणि एक मोलाचं. ऑपरेशनच्या आधी मी तीन पेग पचवणारा. दहाव्या महिन्यात वाड्यावरच्या फेस्ताला अर्धा पेग फेणी घेतली आणि माझी स्कूटर दुसऱ्या कोणीतरी घरी नेली. दारू फार लवकर चढते आता, आणि उतरायला वेळ घेते. काही जणांना जेवणाची जागा बाटली घेते, हेही बघितलंय, माझ्याच सोबत ऑपरेशन झालेल्या एकाचं. जपा.

पुनश्च_हरिओम

केस: तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात माझी वेणी उंदराची शेपटी झाली होती. शरीराला धक्का बसला की केस एकदम झोपी जातात आणि मग एकदम गळतात. मुळं शाबूत असतात. वर्षभरात परत आले, थोडे कुरळे होऊन. प्रथिनं, लोह, जस्त बघा, महागडं तेल नको. माझ्या आईने जास्वंद, ब्राह्मी, कोरफड सगळं करून पाहिलं, उशा तेवढ्या खराब झाल्या.

तरुण मुलींसाठी: पीसीओडीमुळे माझी पाळी वर्षात चारदा यायची. तिसऱ्या महिन्यात घड्याळासारखी सुरू झाली. सगळ्यांना आनंद, आणि इथेच गाफील राहू नका. दिवस राहायची शक्यता एकदम वाढते, आणि डॉक्टर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, कारण आईलाच पोषण पुरत नसतं. आमच्यात सासरचे पाचव्या महिन्यापासून 'आता झालीस ना बारीक' म्हणून मागे लागले होते. त्यांना ऑपरेशन माहीत नव्हतं, त्यामुळे नकाराचं कारणही देता येईना. लपवण्याचा हा एक जोडखर्च.

लोंबती कातडी हा विषय सगळे टाळतात. पोटाच्या वळीखाली पावसाळ्यात बुरशी येते. आंघोळीनंतर सुती कापडाने टिपून कोरडं करा. व्यायामाने स्नायू भरतो, सुटलेली कातडी पूर्ण आवळत नाही. आरशाशी दोस्ती व्हायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले.

आणि पित्ताशयातले खडे. वजन झपाट्याने उतरलं की होतात. सहा महिन्यांची गोळी देतात त्यासाठी. मी "किती त्या गोळ्या" म्हणून तीच बंद केली. आता पित्ताशयही नाही.

दावा_क्रमांक

विम्याचं कोणी विचारलं नाही, तरी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर हे ऑपरेशन 'सौंदर्योपचार' म्हणून उडवून लावता येत नाही: वय १८ किंवा वर, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा वर. किंवा बीएमआय ३५ किंवा वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांपैकी काही, आणि साधे उपाय करून फसलेले. हे 'फसलेले' कागदावर दाखवावं लागतं. जुन्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्यासुद्धा जपा. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ वेगळा बघा, तिथेच बहुतेक दावे अडकतात.

गोंधळलेला_नवरा

बायकोचं गेल्या गुरुवारी स्लीव्ह झालं. आज सहावा दिवस. ताप नाही, नाडी ८४ (रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद वाचून लगेच मोजली). पण कालपासून नुसती रडतेय. "कशाला केलं मी हे" एवढंच म्हणते. मी काय करू? पाणी जेमतेम लिटरभर जातं.

रात्रपाळी

पाणी वाढवा, पळी आहेच. लघवी गडद होतेय का बघत राहा. पाणी अजिबातच जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या तर आजच फोन. रडण्याचं म्हणाल तर दुसऱ्या आठवड्याच्या आत बहुतेक जणी रडतात. तुम्ही तिच्यासमोर बसून वडापाव खाताय का, ते आधी सांगा.

गोंधळलेला_नवरा

वडापाव नाही. साबुदाणा खिचडी. संकष्टी होती.

रात्रपाळी

गॅलरीत जाऊन खा.

रोखठोक

धागा वाचतोय. लपवण्याबद्दल एक बोलू का? गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन केलं तेव्हा ते पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. सगळ्या पेपरांत आलं. आभाळ कोसळलं नाही. ताई, त्या मुलीला सांगून टाका.

पुनश्च_हरिओम

नेत्याने केलं की 'तब्येतीसाठी', बाईने केलं की 'दिसण्यासाठी' आणि 'आयतं'. मी चुलत जावेला विश्वासाने सांगितलं, संध्याकाळपर्यंत कोथरूड ते हडपसर पोचलं. तरीही, त्या मुलीला सांगा. डब्याला नाही सांगितलंत तरी चालेल, तिला सांगा.

शेंगदाणा_कूट

+१. फराळाचं राहिलं ना?

म्हापशेकर

चिवडा चावून चावून. करंजीचं आतलं सारण काढून मुलाला, पारी आपल्याला. लाडू फक्त वासापुरता.

बायपास_सांगली

पारी मैद्याची असते बाबा, तीच चिकटते. आणि शेवेचा डबा घरात वरच्या फळीवर. मी सांगतोय.

चौथी_सीट

सगळ्यांचे आभार. केसांसाठी लोह तपासलं, कमी निघालं, गोळी बदलली. बायपास_सांगली, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, आणि जानेवारीच्या तपासणीची तारीख आजच घेतली.

त्या पोरीला सोमवारी सांगितलं. गाडीत नाही, दादरच्या त्याच बाकड्यावर. पहिला प्रश्न, "पैसे किती लागले?" सांगितले. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी दोन महिने उगाच उपाशी राहिले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती उठून गेली. मंगळवार, बुधवार दुसऱ्या डब्यात चढली.

काल आली. माझ्या शेजारीच, चौथ्या सीटवर, अर्धी बाहेर. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, बोलेना. कुर्ल्याला हळूच म्हणाली, "ताई, भोकं दाखवा ना." म्हटलं इथे? म्हणाली, लेडीज डबाच आहे. मग कुर्ता जरा वर करून दाखवली पाचही. आता डाळीएवढ्या खुणा राहिल्यात. तिने एकीवर बोट ठेवून पाहिलं. समोर क्लिपा-टिकल्या विकणारी बाई उभी होती, तिनेही पाटी सावरत वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? माझं सिझर याच्याहून मोठं आहे."